जमेच्या बाजूची चूक

राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण काठावरील दिघी या बंदराचे नाव महाराष्ट्रातील वृत्तपत्रवाचकांना ठळकपणे माहीत झाले ते १९९३ साली, आणि तेही अभिमान वाटावा अशा कारणाने नव्हे. ९ जानेवारी १९९३ च्या रात्री दिघीच्या धक्क्यावर चोरटा माल उतरला. तो घेऊन निघालेली वाहने गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडविली. परंतु ती जप्त करण्याऐवजी पैशाच्या बोलीवर सोडून दिली आणि बोलीची रक्कम हाती पडेपर्यंत तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या. पुढे फेब्रुवारीत जवळच्याच शेखाडीला स्फोटके उतरली आणि १२ मार्च रोजी मुंबईत २५७ माणसे मेली. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या खटल्याचा अंतिम निकाल दिला, त्यात पोलीस आणि सीमाशुल्क खात्यातील काही अधिकाऱ्यांच्या शिक्षाही कायम झाल्या. खाडीत जाळी टाकणाऱ्या, सुपारीची शिंपणी करणाऱ्या आणि मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीची वाट पाहणाऱ्या या किनाऱ्याला त्या मूठभर माणसांच्या करणीचा डाग पुढे कितीतरी वर्षे वागवावा लागला.

या घटनेची आठवण येथे काढली ती जुनी जखम उकरण्यासाठी नव्हे, तर एक फरक स्पष्ट व्हावा म्हणून. लाचेमध्ये चूक नसते. देणारा जाणतो, घेणारा जाणतो आणि पाहून न पाहिल्यासारखे करणारा सर्वांत अधिक जाणतो. तो सौदा असतो. त्याला कायदा आहे, तुरुंग आहे आणि समाजाचा धिक्कारही आहे. प्रस्तुत लेखाचा विषय याहून पुष्कळ मवाळ, परंतु त्यामुळेच अधिक निसरडा आहे. चूक दुसऱ्याने केली, ती आपल्या पथ्यावर पडली आणि काहीएक हालचाल न करता लाभ आपल्या घरी चालत आला, तर आपण काय करावयाचे? येथे कोणी आमिष दाखविलेले नसते, कोणी बोली केलेली नसते. केवळ गप्प बसावयाचे असते. माणसाच्या हातून घडणाऱ्या अप्रामाणिकपणाच्या नाना प्रकारांत हा एकच प्रकार असा आहे, की तो काहीही न करता करता येतो.

हा प्रश्न आजवर नीतिपाठाच्या पुस्तकापुरता किंवा वाण्याने चुकून जास्त दिलेल्या सुट्या पैशांपुरता मर्यादित होता. गेल्या काही वर्षांत त्याला मोठे सार्वजनिक रूप आले आहे. सरकारी मदत आता तहसील कचेरीच्या खिडकीतून रोखीने मिळत नाही, ती थेट बँकेच्या खात्यात जमा होते. या पद्धतीने मधल्यामध्ये गळणारा पैसा थांबला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याचबरोबर चुकीच्या खात्यात, चुकीच्या नावावर किंवा अपात्र माणसाकडे गेलेला पैसा कोणाचाही चेहरा न पाहता जातो, आणि ज्याला तो मिळतो त्यालाही कोणाच्या चेहऱ्याकडे पाहावे लागत नाही. पूर्वी पैसे मोजून देणारा कारकून समोर बसलेला असे. नोट जास्त आली तर ती परत करताना किंवा खिशात घालताना निदान त्याच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागे. आता भ्रमणध्वनीवर एक संदेश येतो आणि माणूस एकटाच आपल्या सदसद्विवेकबुद्धीपाशी उरतो.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे उदाहरण घ्यावे. २८ जून २०२४ रोजी राज्याच्या अतिरिक्त अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये पहिले दोन हप्ते खात्यांवर जमाही झाले. दरमहा १,५०० रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात प्राप्तिकर भरणारा नसावा, सरकारी नोकरीत कोणी नसावे, चारचाकी नसावी, ट्रॅक्टर मात्र चालेल, अशा तिच्या अटी. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. अर्ज भरून घेण्याची घाई एवढी, की अर्जदाराने स्वतःविषयी जे लिहिले ते बहुधा तसेच मान्य झाले. निवडणूक उरकल्यावर पडताळणीची जाग आली. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी जाहीर केले, की सुमारे २६.३४ लाख लाभार्थी अपात्र असूनही लाभ घेत असल्याचे आढळले आहे. त्यात १४ हजारांहून अधिक पुरुष निघाले. दोन हजारांहून अधिक सरकारी कर्मचारी महिलांची नावे त्याआधीच बाहेर आली होती. तटकरे श्रीवर्धन मतदारसंघातून निवडून आलेल्या आणि दिघी हे त्याच मतदारसंघातील गाव. म्हणजे हा हिशेब दिघीकरांच्या अगदी घरातला म्हणावयास हवा.

याच चित्राची एक दुसरी बाजूही आहे, आणि वृत्तपत्रांनी तिला चार ओळींपलीकडे जागा दिली नाही. जानेवारी २०२५ पर्यंत चार हजारांच्या आसपास महिलांनी आपण होऊन अर्ज केले, की आम्ही अटींत बसत नाही, आमचा लाभ बंद करावा. धुळे जिल्ह्यातील एका महिलेने पाच हप्त्यांचे ७,५०० रुपये शासनाला परत केल्याची बातमी त्याच सुमारास आली. या अर्जांतले काही वसुलीच्या धास्तीने झाले असतील, हे उघड आहे. पडताळणी होणार, दंड होणार अशा वावड्या त्या वेळी उठल्याच होत्या. परंतु भीतीचा भाग वजा केला तरीही काही उरतेच, आणि जे उरते त्याची किंमत करावयाची तर ज्यांना अंगणवाडी सेविकेपलीकडे शासन कधी दिसले नाही, अशा घरांत साडेसात हजार रुपये म्हणजे काय, हे ध्यानात घेतले पाहिजे.

उरलेल्या लाखोंना सरसकट अप्रामाणिक ठरविण्याची घाई मात्र करू नये. त्यांतल्या कित्येकींना अट समजलीच नसेल. कित्येकींचा अर्ज दुसऱ्यानेच भरला असेल. ज्याने भरला त्याचे डोळे अर्जामागे मिळणाऱ्या मोबदल्यावर असतील. उत्पन्नाच्या अटीत कुटुंब म्हणजे नेमके कोण, हे भल्याभल्यांना सांगता येत नव्हते. ज्याला चूक कळलीच नाही तो या लेखाच्या कक्षेबाहेरचा. ज्याला ती कळली, आणि कळल्यावर ज्याने पुढचा हप्ता मोजून घेतला, त्याच्याविषयी आपण बोलत आहोत. सरकारी नोकरीतील बाईला आपण सरकारी नोकरीत आहोत हे कळले नव्हते, असे म्हणणे कठीण आहे; आणि १४ हजार पुरुषांना आपण बहीण नसल्याचे ठाऊक नव्हते, हे तर त्याहून कठीण.

अशा प्रसंगी माणूस स्वतःशी जो युक्तिवाद करतो तो ऐकण्यासारखा असतो. ‘मी मागितले नव्हते, त्यांनीच दिले.’ ‘चूक त्यांची, निस्तरतील ते.’ ‘वरचे कोट्यवधी खातात, माझ्या दीड हजाराने काय बुडणार?’ यांतला शेवटचा युक्तिवाद सर्वांत जास्त चालतो, कारण त्यात सत्याचा अंश आहे. वरचे खातातच. पण त्यामुळे खालच्या दीड हजाराचा हिशेब कसा जुळतो, हे आजवर कोणी दाखवून दिलेले नाही. खरा भ्रम निराळाच आहे. सरकारचा पैसा, बँकेचा पैसा, महामंडळाचा पैसा म्हणजे कोणाचाच नव्हे, अशी आपली एक पक्की समजूत झालेली आहे. तो पैसा अखेर कोणाच्या तरी ताटातून उचलला जातो, हे आपल्याला दिसत नाही, कारण ते ताट दूर असते.

एस. टी.च्या वाहकाचे पाहावे. गर्दीच्या गाडीत त्याने वीस रुपये जास्त परत केले तर प्रवाशाला वाटते, महामंडळाचे गेले. महामंडळाचे जात नाहीत. रात्री आगारात हिशेब देताना तूट आली की ती वाहकाने स्वतःच्या खिशातून भरावयाची असते. बँकेतल्या रोखपालाचेही तसेच. उलट बाजूही तितकीच खरी. सुटे नाहीत म्हणून तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून देण्याची रीत आपल्याकडे वर्षानुवर्षे चालली. उतरताना ती मागायला विसरलेल्या प्रवाशांच्या पैशांचे काय झाले, हे त्या त्या वाहकालाच ठाऊक. ज्यांनी खिडकीतून हाका मारून प्रवाशाला थांबविले आणि बाकी हातावर ठेवली असे वाहकही कोकणातल्या प्रवाशांनी पाहिलेले आहेत.

पैठण तालुक्यातील एका शेतकऱ्याची हकीकत २०२२ च्या प्रारंभी सर्वत्र छापून आली होती. त्याच्या जनधन खात्यात २०२१ साली सुमारे १५ लाख रुपये एकाएकी जमा झाले. निवडणुकीतल्या आश्वासनाची ही पूर्तता असावी, अशी त्याची समजूत झाली. त्याने नऊ लाख काढले आणि घर बांधले. काही महिन्यांनी बँकेचे पत्र आले, की हा पैसा पिंपळवाडीच्या ग्रामपंचायतीचा होता, चुकून तुमच्या खात्यात आला, तो परत करा. देशभर त्या बिचाऱ्याची थट्टा झाली. हसणाऱ्यांनी दोन गोष्टी विचारात घेतल्या नाहीत. एक तर ज्या आश्वासनावर त्याने विश्वास ठेवला ते त्याने स्वतः कल्पिलेले नव्हते, ते देशाच्या राजकारणात मोठ्या आवाजात घुमलेले होते. दुसरे म्हणजे तो पैसा ‘सरकारचा’ नव्हता. एका खेड्याच्या कामांसाठी आलेला होता. शेतकऱ्याचे नवे घर उभे राहत असताना शेजारच्या गावातले काही तरी उभे राहावयाचे थांबले होते, आणि त्या गावाला ते कळलेही नव्हते. बँकेलाही काही महिने ते कळू नये, याचे आश्चर्य मात्र कोणी केले नाही.

कायदा या विषयात पुष्कळ स्पष्ट आहे, आणि सामान्य वाचकाला वाटतो त्याहून जुना आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या ७२ व्या कलमाने दीडशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले, की चुकीने दिलेला पैसा किंवा पोहोचविलेली वस्तू ज्याला मिळाली त्याने ती परत केली पाहिजे. चूक कोणाची, निष्काळजी कोण, हा प्रश्नच तेथे नाही. फौजदारी कायद्याने तर माणसाच्या मनातील तो क्षण अचूक पकडला आहे. १८६० च्या दंडसंहितेचे ४०३ वे कलम, म्हणजे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे ३१४ वे, अप्रामाणिकपणे मालमत्तेचा अपहार करण्याविषयी आहे. त्यातले उदाहरण असे: एखाद्याने दुसऱ्याची वस्तू आपलीच समजून शुद्ध बुद्धीने उचलली तर ती चोरी नव्हे, परंतु आपली चूक उमगल्यानंतरही त्याने ती अप्रामाणिकपणे स्वतःच्या उपयोगात आणली तर तो या कलमाखाली दोषी होतो. घेण्याच्या क्षणापेक्षा कळण्याचा क्षण महत्त्वाचा, हे इतक्या थोडक्यात आपल्या एखाद्या कीर्तनकारालाही सांगता आले नसते.

तरीही न्यायालयांनी या तत्त्वाला एक माणुसकीची मुरड घातली आहे आणि ती योग्यच आहे. सरकारी कर्मचाऱ्यांना हिशेबातील चुकीने जास्त पगार मिळतो आणि दहा-बारा वर्षांनी लेखापरीक्षकाला जाग येऊन वसुलीचा बडगा निघतो, असे अनेकदा घडले. १८ डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या रफीक मसीह प्रकरणात ठरविले, की तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून आणि पाच वर्षांहून अधिक काळ जास्त रक्कम दिली गेली असल्यास ती वसूल करू नये. २०२२ साली केरळच्या एका निवृत्त शिक्षकाच्या प्रकरणात याच विचाराला पुन्हा दुजोरा मिळाला. मात्र कर्मचाऱ्याने स्वतः फसवणूक केली असेल किंवा आपल्याला जास्त मिळते आहे हे त्याला ठाऊक असेल, तर ही सवलत त्याने गृहीत धरू नये, हेही न्यायालयांनी सांगितलेले आहे. पगारपत्रक समजण्याची ज्याची ऐपत नाही अशा शिपायाला आणि ते स्वतः तयार करणाऱ्या अधिकाऱ्याला एका तागडीत तोलावयाचे नाही, एवढाच याचा मथितार्थ. लाडक्या बहिणींच्या बाबतीतही तेच माप लावावे. अट न समजलेल्या मजूर बाईकडून मागचे पैसे काढून घेऊ नयेत, असे शासनाने २०२५ च्या आरंभी सूचित केले ते बरे केले. पगारदार बाई आणि ‘बहीण’ झालेले पुरुष यांच्या बाबतीत ती दया अनाठायी ठरेल.

आपल्या शाळांतून प्रामाणिकपणाचा पाठ शिकविताना गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बालपणीची एक गोष्ट हटकून सांगितली जाते. गुरुजींनी घातलेले अवघड गणित एकट्या गोपाळचे बरोबर आले, गुरुजींनी शाबासकी दिली, आणि मुलगा रडू लागला. कारण गणित सोडविताना त्याने दुसऱ्याची मदत घेतली होती. कोतळूकचा हा मुलगा पुढे नामदार गोखले झाला, तेव्हा गोष्टीला शोभा आली. गोष्ट चांगली आहे; पण पाठ्यपुस्तकाने तिचा शेवट फार गोड केलेला असतो. गुरुजी मुलाला जवळ घेतात, अधिकच कौतुक करतात आणि बक्षीस त्याच्याकडेच राहते. मुलांच्या मनावर जे ठसते ते हे, की खरे बोलले तर बक्षीस जात नाही. प्रत्यक्षात ते बहुधा जाते.

जाते, याचे उत्तम उदाहरण मुंबईतच घडले आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना झाला. भारताचे नेतृत्व गुंडाप्पा विश्वनाथ याच्याकडे होते. इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८ झालेली. बॉथमच्या जोडीला आलेल्या बॉब टेलरला पंचांनी यष्टीमागे झेलबाद ठरविले. चेंडू बॅटीला लागलेलाच नाही अशी विश्वनाथची खात्री होती. तो पंचांकडे गेला आणि त्याने टेलरला परत बोलावून घेतले. टेलरने ४३ धावा केल्या, दोघांनी सहाव्या गड्यासाठी १७१ धावा जोडल्या, बॉथमने शतक ठोकले आणि वर सामन्यात तेरा बळीही घेतले. भारत दहा गड्यांनी हरला. त्या पराभवाचा दोष विश्वनाथला देणारे तेव्हाही होते आणि आजही एखादा भेटतो. पंचांची चूक होती, त्याची नव्हती. कोणी त्याला विचारलेही नव्हते. त्याला फक्त स्लिपमध्ये उभे राहून पुढच्या फलंदाजाची वाट पाहावयाची होती.

मुलांना गोखल्यांच्या बरोबरीने हा सामनाही सांगावा, धावफलकासह.

हे झाले व्यक्तीचे. परंतु प्रामाणिकपणा ही निव्वळ व्यक्तीच्या अंतःकरणातील वस्तू आहे असे मानून शासनाला हात झटकता येणार नाहीत. चुकून आलेला पैसा परत करावयाचा म्हटले तर तो कोठे, कसा आणि कोणाकडे करावयाचा? दिघीतील एखाद्या बाईने ठरविले, की मी अटीत बसत नाही, मला हे पैसे नकोत. तिने काय करावे? बोर्लीपंचतनवरून श्रीवर्धन गाठावे, तेथे संबंधित अधिकारी जागेवर असावा, त्याने अर्ज घ्यावा, पैसे भरावयाचे तर चलन कोणत्या लेखाशीर्षाखाली करावयाचे हे त्याला माहीत असावे. माहीत नसल्यास खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरावे आणि मुरूडमार्गे जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला जावे. दीड हजार परत करण्यासाठी दोन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडे. पैसे घेण्यासाठी मात्र ती घराबाहेरही पडली नव्हती. अर्ज भरून घ्यायला शासन दारात आले होते; परत घ्यायला ते कचेरीत बसून राहते.

त्याहून वाईट गोष्ट संशयाची. पैसे परत करणाऱ्याला आपल्याकडे गुन्हेगाराने दिलेला कबुलीजबाब दिल्यासारखे वागविले जाते. ‘मग घेतलेत कशाला?’ हा खिडकीमागून येणारा पहिला प्रश्न. एखाद्या शिक्षिकेने दोन हप्ते परत केले तर तिच्या नावाने विभागीय चौकशी लागणार नाही याची हमी कोण देतो? गप्प बसणाऱ्याला धोका कमी आणि बोलणाऱ्याला जास्त, अशी व्यवस्था करून ठेवावयाची आणि वर नीतिमत्ता ढासळल्याची हाकाटी करावयाची, हा प्रकार आता थांबला पाहिजे. प्रत्येक ग्रामपंचायतीत, निदान जेथे सरकारी दाखले मिळतात त्या सेवा केंद्रात, चुकून आलेली रक्कम स्वीकारण्याची सोय असावी. पावती हातोहात मिळावी. ठराविक मुदतीत आपण होऊन परत करणाऱ्याला कोणतीही चौकशी लागणार नाही असे शासनाने लेखी जाहीर करावे. सत्कार, शाल-श्रीफळ, छायाचित्रे यांची आवश्यकता नाही. किंबहुना त्या धास्तीनेच पुष्कळ जण फिरकणार नाहीत.

आणि शासनाच्या, बँकांच्या स्वतःच्या जमेच्या बाजूला पडलेल्या चुकांचे काय? नागरिकाकडे गेलेला जादा पैसा नोटीस काढून मागितला जातो. नागरिकाचा राहिलेला पैसा मात्र त्याने अर्ज करीपर्यंत पडून राहतो. दहा वर्षे ज्यांच्याकडे कोणी फिरकले नाही अशा ठेवी बँकांनी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग करावयाच्या असतात. मार्च २०२४ अखेर त्या निधीत ७८,२१३ कोटी रुपये साठलेले होते. हे पैसे कोणाचे? गिरणीत नोकरी करून गावी घर बांधावयाचे म्हणून बाजूला टाकणाऱ्या, बोटीवर खलाशी म्हणून गेलेल्या, आखातात राबलेल्या आणि पासबुक कोठे ठेवले ते बायकोला न सांगता वारलेल्या माणसांचे. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु शोध वारसाने घ्यावयाचा आहे. खातेदाराचा पत्ता, वारसाचे नाव बँकेच्या दप्तरात असताना बँकेने वारसाच्या दाराशी जाण्याची रीत अद्याप पडलेली नाही. पैठणच्या शेतकऱ्याचा पत्ता त्याच बँकव्यवस्थेला बरोबर सापडला होता.

दिघीच्या परिसरात हा विषय येत्या काळात अधिक तीव्र होणार आहे, म्हणून त्याविषयी आताच बोलणे अगत्याचे. बंदर २०२१ साली अदानी समूहाने ७०५ कोटी रुपयांना घेतले. दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्याचा विस्तार ६,०५६ एकरांचा. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गावर आगरदांडा आणि दिघी यांना जोडणारा पूल योजिलेला आहे. रस्ता, पूल, गोदामे म्हटली की जमीन आली आणि कोकणात जमीन म्हटली की सामाईक सातबारा आला. एका गुंठ्याला अकरा हिस्सेदार. त्यांतले सात मुंबईत, एक कुवेतला, दोघांचा पत्ता नाही आणि वहिवाट करणारा एकटा गावात. पणजोबाच्या नावाचा फेरफार आजतागायत झालेला नाही किंवा झाला तेव्हा बहिणींची नावे लावावयाची राहून गेली. तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. दप्तर तेच आहे.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा याची चुणूक दिसली होती. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, शासनाने बागायतीची मदत हेक्टरी ५० हजारांपर्यंत वाढविली. पण हेक्टराची भाषा गुंठ्यांच्या कोकणाला कोठे लागू पडावयाची? पंचनामा ज्याच्या समोर झाला, त्याचे नाव पुढे आले. अशा प्रसंगी ज्याच्या खात्यात रक्कम पडते त्याने कोणाला फसविलेले नसते. तो वाडी राखत होता, झाडे त्याने वाढविली, वादळात तोच घरात होता. त्याचा हक्क मोठा आहे, हे मुंबईच्या भाऊबंदांनीही कबूल करावे. पण मोठा हक्क म्हणजे सगळा हक्क नव्हे, आणि ते गावात राहणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.

महसूल संहितेच्या १५५ व्या कलमाखाली नोंदीतील हस्तदोष दुरुस्त करता येतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे ३३ वे कलम निवाड्यातील लेखनप्रमाद दुरुस्त करावयास सहा महिने देते, आणि जादा गेलेली रक्कम परत करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकते. त्याच कायद्याच्या ७७ व्या कलमात म्हटले आहे, की मोबदला ज्याच्या हाती पडला, त्याचे तो खऱ्या हक्कदाराला देण्याचे दायित्व संपत नाही. कायदा एवढे सांगतो. परंतु वगळलेली बहीण नालासोपाऱ्याला आहे आणि निवाड्याची नोटीस दिघीच्या घरी आली आहे, हे कायद्याला ठाऊक नसते. ते त्या घरातल्या माणसाला ठाऊक असते. सहा महिन्यांच्या आत त्याने तिला दूरध्वनी केला तर काम एका अर्जावर भागते. न केल्यास प्राधिकरण, वकील, तारखा आणि रक्षाबंधनाला न येणारी भाची, हे सर्व पुढच्या पिढीपर्यंत चालते.